दारू सुटते, पण चोरून नाही



गेल्या महिन्यात सेलू तालुक्यातल्या एका गावात बचत गटाच्या बैठकीला गेले होते. बैठक झाली, चहा झाला, बायका उठून गेल्या. एक जण मात्र सतरंजीची घडी घालायच्या निमित्तानं मागे रेंगाळली. जवळ येऊन हळूच म्हणाली, "ताई, दारू सोडवाचं औषध भेटते म्हणे. भाजीत टाकलं तरी मानसाले समजत नाई. तुमाले ठाव हाये का?"

मला चटकन उत्तर देता आलं नाही. कारण १२ वर्षांपूर्वी अशीच एक पुडी मी स्वतः विकत आणली होती. माझ्या सख्ख्या भावासाठी.

आपला वर्धा जिल्हा बापूंची कर्मभूमी. १९३६ मध्ये ते सेवाग्रामला राहायला आले. त्या भूमीचा मान म्हणून १९७४ पासून जिल्ह्यात दारूबंदी आहे. बंदी हवीच, ती नीट राबवावी म्हणून मीही मोर्चात गेले आहे. पण मोहाची हातभट्टी लपूनछपून लागतेच, आणि वर्धा नदी ओलांडली की पलीकडच्या जिल्ह्यात दुकान उघडंच असतं. वर दारूबंदीच्या जिल्ह्यात आपल्या घरचा माणूस पितो, हे सांगायची दुप्पट लाज! पोलिसांना सांगायचं की डॉक्टरांना, हेच कळत नाही. मग पुडी, गंडा, शपथ असले उपाय सुरू होतात.

आम्हीही तेच केलं. बसस्टँडच्या भिंतीवरची 'न सांगता दारू सोडवा' ही जाहिरात वाचून मी पुडी मागवली आणि वहिनीनं ती वरणात घातली. त्या संध्याकाळी भाऊ पिऊन आला आणि तासाभरात त्याचं तोंड लालबुंद झालं, उलट्या सुरू झाल्या, छाती धडधडू लागली. डॉक्टरांनी आम्हा दोघींना चांगलंच फैलावर घेतलं. अशा पुड्यांत काय असतं ते कुणालाच ठाऊक नसतं. डायसल्फिराम नावाचं खरं औषध आहे, पण ते रोग्याला सांगून, त्याच्या संमतीनं, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं. ते घेतलेल्या माणसानं वरून दारू प्यायली तर जिवावर बेतू शकतं.

भाऊ घाबरला. आईच्या पायावर हात ठेवून त्यानं दारू एका दिवसात बंद केली. आम्हाला आनंद झाला. पण दुसऱ्या रात्री त्याचे हात थरथरू लागले, घामानं अंथरूण भिजलं आणि एकाएकी फिट आली. तिसऱ्या दिवशी भिंतीवर किडे दिसतात म्हणून तो ओरडत होता. आई मीठ-मिरच्या ओवाळत बसली. दवाखान्यात नेलं तेव्हा कळलं, ही बाहेरची बाधा नव्हती. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तोडली तर शरीर असं बिथरतं, आणि त्यात माणूस दगावूही शकतो. म्हणून दारू सोडायची तीही डॉक्टरांच्या नजरेखाली. झोपेची, फिटची औषधं आणि बी-१ जीवनसत्त्व देऊन हे दिवस बरेचसे सुखरूप पार पडतात.

आता प्रश्न असा की पिणं कुठे संपतं आणि आजार कुठे सुरू होतो? डॉक्टर मंडळी चार साधे प्रश्न विचारतात. दारू कमी करावी असं स्वतःला कधी वाटलं का? कुणी पिण्यावरून बोललं की राग येतो का? पिण्याबद्दल मनात अपराधी वाटतं का? सकाळी उठल्यावर हात स्थिर व्हायला किंवा उतारा म्हणून घ्यावी लागते का? दोन प्रश्नांना जरी 'हो' आलं, तरी डॉक्टरांकडे जायला हवं. आपल्याला घरातूनही दिसतंच की! पूर्वी एका पव्व्यात भागायचं, आता दोन लागतात. कामाचे खाडे वाढतात, भांड्यांमागे लपवलेली बाटली सापडते, सोमवारची शपथ बुधवारी मोडते. तो नालायक आहे म्हणून शपथ मोडत नाही. तलफ हा त्या आजाराचाच भाग आहे. तापाला शपथ घालून ताप उतरतो का?

भाऊ आठ-दहा दिवसांनी घरी आला. आम्हाला वाटलं, झालं, बरा झाला! इथेच आमची दुसरी चूक झाली. शरीरातली दारू उतरते ती आठवड्यात, मनातली उतरायला वर्षं लागतात. सहा महिने बरे गेले आणि पोळ्याच्या करीला मित्रांनी आग्रह केला. पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मी तरातरा माहेरी गेले आणि वहिनीला म्हणाले, "तुझंच लक्ष नव्हतं." ती काही बोलली नाही. नुसती स्वयंपाकघरात गेली. त्या वाक्याची मला आजही शरम वाटते. नवरा पितो तो बायकोमुळे नाही आणि तिच्या रडण्यानं तो थांबतही नाही.

दुसऱ्यांदा उपचार घेतले तेव्हा पाठपुरावा सोडला नाही. समुपदेशन, तलफ कमी करणारी गोळी आणि अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभा. ही चळवळ १९३५ मध्ये अमेरिकेत दोन दारुड्यांनीच सुरू केली. सभेला पैसे पडत नाहीत, नाव सांगावं लागत नाही. 'फक्त आजचा दिवस' एवढाच निश्चय करायचा. भावानं असे एकेक करून नऊ वर्षांचे दिवस काढले. पोळा आला की तो अजूनही वहिनीला सांगून सभेला जातो.

पुण्याचं मुक्तांगण आपल्याला माहीत असतं. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या आधारानं ते उभं केलं. तिथे पत्नींसाठीही 'सहचरी' गट आहे, कारण आजार एकाला असला तरी आजारी सगळं घर पडतं. पण उपचारासाठी पुणंच गाठायला हवं असं नाही. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात आणि सावंगी मेघेच्या रुग्णालयात मनोविकार विभाग आहेत. व्यसनमुक्तीचा सरकारी मोफत फोन १४४४६ आहे, मनाच्या त्रासासाठी १४४१६. मारझोड होत असेल तर १८१ लावा, ते सहन करणं हा उपचार नाही. आणि जिथे रोग्याला मारतात, साखळीनं बांधतात, अशा 'केंद्रा'त माणसाला टाकू नका. २०१७ च्या कायद्यानं साखळदंडाला बंदी आहे.

आपण काय करायचं? तो शुद्धीवर असताना, सकाळच्या वेळी, शिव्याशाप न देता बोलायचं. त्याच्या उधाऱ्या फेडायच्या नाहीत, मालकाला 'ताप आलाय' असं खोटं सांगायचं नाही. झाकलं की आजार वाढतो. पुन्हा घसरला तर सगळं फुकट गेलं असं न समजता पुन्हा दवाखाना गाठायचा. आणि सासूबाई, नणंदबाई, तुम्हालाही सांगते, सुनेला बोल लावू नका, तिच्या सोबत चला.

त्या बाईला मी माझ्या पुडीची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "पन थे तयार नसन त?" म्हटलं, "तो तयार होईपर्यंत तू एकटी ये. डॉक्टर तुझ्याशीही बोलतात."

येत्या सोमवारी आम्ही दोघी दवाखान्यात जाणार आहोत. माझी वहिनीही येते म्हणाली.