कानाची साक्ष

आज्ञावलींतील चूक शोधणें हें केवळ डोळ्यांचें काम, तेथें स्वरांचें साहाय्य घेणें हा पोरखेळ, असें म्हणणाऱ्या पंडितांनीं संगणकाचा इतिहास कधीं चाळला आहे काय? १९५१ सालीं मँचेस्टरच्या यंत्रासाठीं ॲलन ट्यूरिंग यांनीं लिहिलेल्या मार्गदर्शिकेंत भोंगा वाजविण्याची आज्ञा आहे. सिडनीच्या सायरॅक यंत्रासही कर्णा होता; काम कोठवर आलें, हें त्याच्या नादावरून कळे.

आज्ञावली लिहिलेली असते, मग ती वाचावी, असा आक्षेप आहे. परंतु दोष पुष्कळदां लेखनांत लपतो व चालींत प्रकटतो. आठ फेऱ्यांचें आवर्तन नऊ वेळां फिरविणारें एक चिन्ह डोळा सहज ओलांडतो. पण प्रत्येक फेरीस एक स्वर दिला, तर ठेक्यांतील जादा मात्रा कानास तत्काळ खटकते. पॉल व्हिकर्स व जेम्स ऑल्टी यांनीं पास्कल भाषेंतील रचनांस स्वरावली देऊन हा मार्ग प्रयोगानें पारखला व २००३ सालीं त्याविषयीं लेख प्रसिद्ध केला.

कान दोषाची चाहूल देईल. कारण शोधण्यास बुद्धीच हवी, हें आम्हांस मान्य आहे. पण वैद्याची नळी रोग बरा करीत नाहीं, म्हणून ती कोणी फेकून देतो काय? दृष्टिहीन आज्ञावलीकार आजही आपलें लेखन कानानेंच वाचतात. त्यांच्यासमोर कानास अपात्र ठरविणें हें शास्त्र नव्हे. तो डोळसांचा अहंकार होय.