जांघेतला नायटा आणि बाईचं चारित्र्य

मैत्रिणींनो, ज्या दुखण्याविषयी बाई सख्ख्या बहिणीपाशीही बोलत नाही, त्याविषयी आज उघड बोलायचं आहे.

पेण-रोह्याकडे गटाची बैठक संपते, सगळ्याजणी उठतात आणि एखादी मागे रेंगाळते. "ताई, जांघेत नायटा आलाय. चार महिने झाले, जात नाही. एड्स तर नसेल ना?" घरी नवऱ्याने विचारलेलं असतं, "हे कुठून आणलंस?" सासूने तिचं ताट वेगळं केलेलं असतं.

उत्तर सरळ आहे. जांघेतला नायटा, म्हणजेच गजकर्ण, ही एचआयव्हीची खूण नव्हे. ती बुरशी आहे. घाम आणि ओल साठते तिथे ती वाढते. टॉवेल, कपडे, अंथरूण आणि अंगाच्या स्पर्शाने घरभर पसरते. आमच्याकडे पावसाळ्यात चिखलात वाकून लावणी करणारी बाई ओलं पातळ अंगावरच सुकवते. हमरापूर-जोह्याच्या गणपती कारखान्यांत बाया उकाड्यात तासन्‌तास बसून काम करतात. आतले कपडे वाळत घालायचे तेही साडीखाली लपवून, पुरुषांच्या नजरेस पडू नयेत म्हणून. ऊन लागत नाही, कपडा दमटच राहतो. ओल कष्टाची आणि लाजेची. ठपका मात्र चारित्र्यावर!

मग औषध. डॉक्टरला दाखवायचं कसं? म्हणून मेडिकलमधून कुणाकरवी ट्यूब येते. तिच्यात पुष्कळदा स्टेरॉइड असतं. दोन-चार दिवसांत खाज थांबते, बुरशी मात्र पसरत राहते, कातडी पातळ होते. ट्यूब थांबवली की दुखणं दुणावतं. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, तरी ती मिळतातच. त्यात गेल्या काही वर्षांत नेहमीच्या औषधांना दाद न देणारी बुरशी देशभर पसरली आहे. तेव्हा "बरं होत नाही, म्हणजे एड्सच" हा निवाडा खोटा आहे.

कुणी म्हणेल, प्रतिकारशक्ती घटली की त्वचेचे आजार बळावतात. खरं आहे, पण ती मधुमेहानेही घटते. कातडी पाहून एचआयव्ही ओळखता येत नाही. तो रक्ताच्या चाचणीतच कळतो. लागण झालेल्या माणसाची कातडी वर्षानुवर्षं स्वच्छ राहू शकते. मग नायटा झालेली बाई संशयित आणि स्वच्छ कातडीचा नवरा निर्दोष, हा कुठला न्याय? आपल्या देशात कितीतरी विवाहित बायांना एचआयव्ही नवऱ्याकडूनच आला आहे. धोका वाटत असेल तर दोघांनी तपासावं. सरकारी रुग्णालयांच्या चाचणी केंद्रांत तपासणी मोफत होते. आणि चाचणीत लागण निघालीच, तरी तो गुन्हा नव्हे. त्याचे उपचारही सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार संमतीशिवाय चाचणी करता येत नाही. नवऱ्याने वा सासूने हट्ट धरला म्हणून बाईचं रक्त काढता येणार नाही.

तेव्हा आपल्या मागण्या स्पष्ट असू द्या. सरकारी दवाखान्यांत बाईला निर्धास्तपणे दाखवता येईल अशी स्त्री डॉक्टर आणि आडोसा हवा. बुरशीची औषधं पुरेसे आठवडे पुरतील इतकी मिळावीत आणि खाज असलेल्या घरातल्या प्रत्येकावर एकाच वेळी उपचार व्हावेत, नवऱ्यावरही. कामाच्या जागी अंग धुवायला, कपडे बदलायला जागा हवी. चिठ्ठीशिवाय स्टेरॉइड विकणाऱ्यांवर कारवाई हवी.

आणि एक काम आपलं आपणच उद्यापासून करायचं. आपले आतले कपडे अंगणात, भर उन्हात, दोरीवर उघडे वाळत घालायचे. ज्याला लाज वाटेल त्याने मान फिरवावी.