यार्ड आधी की रूळ आधी?

हंगाम भरात असताना जो कारखान्याच्या गेटवर उभा राहिला असेल, त्याला यार्ड म्हणजे काय हे आम्ही सांगायला नको. काट्यापुढे बैलगाड्यांची रांग, तिच्यामागे ट्रॅक्टर, ट्रक पार डांबरी रस्त्यापर्यंत, आणि गाडीवान शिव्या देतोय. शिव्या अर्थातच शेतकी खात्याला! गाळप कितीही वाढवा, गाड्या उभ्या करायला आणि वळवायला जागा नसेल तर गव्हाणीत ऊस वेळेवर पडत नाही. इकडे तोडलेला ऊस वाळत राहतो. वजन सभासदाचे घटते, उतारा कारखान्याचा.

आगगाडीचेही तसेच आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईची आरे ते कफ परेड ही साडेतेहतीस किलोमीटरची भुयारी मेट्रो पूर्ण सुरू झाली. आपल्या भागातल्या पुष्कळ घरांतली पोरं मुंबईत नोकरीला आहेत; लोकलच्या दारात लोंबकळून जाणाऱ्यांना अशी गाडी हवीच होती, याबद्दल आमचा वाद नाही. पण या मार्गासाठी आठ-आठ डब्यांच्या ३१ गाड्या घेतल्या. रात्री त्या उभ्या कुठे करायच्या? धुवायच्या कुठे, खालून तपासायच्या कुठे, झिजलेली चाके तासायची कुठे? त्याला सपाट आणि लांबलचक जागा लागते, तीही मार्गाला लागून. यार्ड लांब गेले तर रोज पहाटे-रात्री गाड्या रिकाम्याच पळणार. लांबच्या गटात ट्रॅक्टर रिकामा पाठवताना डिझेलचा हिशेब कसा होतो, हे वाहतूकदारांना विचारावे.

तर ही जागा आरे वसाहतीत धरली, सुमारे तीस हेक्टर. आरे म्हणजे मूळची दुधाची वसाहत. मुंबईच्या गल्लीबोळांतले म्हशींचे गोठे शहराबाहेर न्यावेत म्हणून १९४९ साली ती उभी राहिली. गोठे, गवताची कुरणे, झाडी, आणि त्यात वारली आदिवासींचे पाडे. कागदोपत्री जमीन सरकारी. म्हणजे सरकारी नकाशात ती ‘रिकामी’.

पुढचे आपण पेपरात वाचलेच आहे. ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयाने झाडांबाबतच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर २,१४१ झाडे पडली होती. रात्रीची तोड आपल्याकडेही होते, पण ती उसाची, आणि उसाला खोडवा फुटतो. मग सरकार बदलले, काम थांबले. ऑक्टोबर २०२० मध्ये यार्ड कांजूरमार्गला १०२ एकर मिठागराच्या जमिनीवर न्यायचे ठरले. तिथे केंद्र म्हणते जमीन आमची, राज्य म्हणते आमची. डिसेंबरात उच्च न्यायालयाने तेही थांबवले. २०२२ मध्ये पुन्हा सरकार बदलले आणि यार्ड परत आरेत. मूळ २३,१३६ कोटींचा खर्च शेवटी ३७ हजार कोटींच्या पुढे गेला. त्याला कारणे अनेक आहेत, पण यार्डाचा घोळ त्यातले एक नक्की. आणि प्रजापूरपाड्यातल्या ज्या कुटुंबांना घरे सोडावी लागली, त्यांचा हिशेब या कोटींत कुठे येतो ते आम्हाला सापडले नाही.

आमचे मत साधे आहे. यार्डाची गरज खरी असते, खोटी नसते. चूक होते ती क्रमात. आधी मार्ग ठरतो, स्टेशने ठरतात, आणि ‘यार्डाला बघू कुठेतरी’ म्हणून शेवटी जिथे कमी बोलणारी माणसे राहतात तिथे खुंट्या मारल्या जातात. पुण्यात दोन्ही नमुने बघायला मिळतात. वनाजचा मेट्रो डेपो कोथरूडच्या जुन्या कचरा डेपोच्या जागेवर केला, हे शहाणपणाचे. दुसरा रेंजहिल्सचा, तो कृषी महाविद्यालयाच्या जमिनीवर. आम्ही शेतकीची पदविका घेतलेले लोक, आम्हाला तो लागणारच. पण भावना बाजूला ठेवली तरी एक गोष्ट राहते. एकाच मातीवर वर्षानुवर्षे ठेवलेल्या नोंदींना जी किंमत असते, ती बदली जमीन देऊन भरून येत नाही.

हे सगळे मुंबई-पुण्याचे, आपल्याला काय त्याचे, असे कुणी म्हणेल. तर सांगायला संकोच वाटतो, पण सांगतो. मागच्या विस्ताराच्या वेळी बैलगाड्यांच्या तळासाठी शेजारच्या गायरानाची पाहणी आम्हीच केली होती, आणि अहवालात ‘पडीक’ असा शब्द आम्हीच लिहिला. चार दिवसांनी एक म्हातारा मेंढपाळ ऑफिसात आला. ओरडला नाही की काही नाही. एवढंच विचारलं, “सायेब, तुमी पाह्यला आलता तवा आमची मेंढरं कोकणात व्हती. पावसाळ्यात का नाय आला?” पाहणी फेब्रुवारीत झाली होती. पावसाळ्यात त्या रानावर तीन वाड्यांची जनावरे चरतात, हे आम्ही दोन वर्षे त्याच रस्त्याने मोटारसायकलवर जाऊन-येऊन पाहिलेले होते, तरी लिहिताना आठवले नाही. तळ शेवटी तिथेच झाला. मेंढरं आता कालव्याच्या भरावावरून नेतात, आणि दर पावसाळ्यात एक-दोन घसरून पाण्यात जातात.

आता पुन्हा गाळपक्षमता वाढवण्याची चर्चा आहे. मिलचा आराखडा येईल, बॉयलरचा येईल. आमचे म्हणणे असे की, ते मंजूर होण्याच्या आधी यार्डाचा नकाशा सभेपुढे यावा. किती गाड्या वाढणार, त्या कुठे उभ्या राहणार, जमीन कुणाची, आणि आज तिथे बाराही महिने काय चालते, हे त्यात असावे. फक्त फेब्रुवारीचे नको. जुन्या मळीच्या खड्ड्यांची आणि पडक्या गोदामाची जागा आधी मोजावी. ती थोडी अडचणीची आहे, भराव घालायला खर्च येईल, पण ती आपली आहे.

तसे टिपण आम्ही शेतकी विभागातर्फे कार्यालयाला दिले आहे. कच्चा नकाशा प्रत्येक गट ऑफिसात लावला जाईल. ज्यांची शेते वा वस्ती यार्डाला लागून आहे, त्यांनी वार्षिक सभेच्या आधी तो पाहून जावा आणि चुकले असेल तिथे पेन्सिलीने खूण करावी. गायरानात जनावरे नेणारे सभासद नसले तरी त्यांनाही सोबत आणावे.

– ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग