काळयंत्र आणि घरांतील हांका

गेल्या सहामाहींत आठवीच्या वर्गांत क्रियापदांचे काळ शिकवीत असतां मागल्या बांकावरील एका विद्यार्थ्यानें उभें राहून आम्हांस विचारलें, "सर, भूतकाळांत परत जातां येतें का? सिनेमांत तर जातात." वर्ग हंसला. आम्हीही हंसलों, परंतु आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. ज्या चित्रपटांविषयीं मुलें मधल्या सुटींत तावातावानें बोलतात, ते आपण पाहिलेलेही नसावेत, हें शिक्षकास शोभत नाहीं, असें आमच्या मनांत आलें. म्हणून दिवाळीच्या सुटींत असे कांहीं चित्रपट क्रमानें पाहावयाचे व त्यांवर टिपण करावयाचें, असा आम्हीं निश्चय केला.

निश्चय करणें सोपें होतें. आमचें घर कळसाडी गांवीं. रात्रींचीं जेवणें आटोपल्यावर सारीं मंडळी टीव्हीपुढें बसत आणि चित्रपट सुरू होई. दहा मिनिटें जातात न जातात तोंच वीज जाई. वीज आली कीं नळास पाणी येई व "अहो, आधीं टांकी भरून घ्या" असा स्वयंपाकघरांतून हुकूम सुटे. पाणी भरून होतें न होतें तों कोणी पालक दाखल्याची चौकशी करण्यास दारीं उभे राहत. ते गेले कीं धाकटीचें अपूर्णांकाचें गणित अडे. आणि या सर्वांवर आंतल्या खोलींतून आमच्या वृद्ध आईची हांक. पहिला चित्रपट दोन तासांहूनही थोडा लहान. तो पुरा व्हावयास चार रात्री लागल्या.

तेव्हां या व्यत्ययांचा आम्हांस राग येई. आज आमचें मत निराळें आहे. कालप्रवासाच्या चित्रपटांचें खरें परीक्षण अशाच घरांत होतें, असें आम्हांस वाटूं लागलें आहे. तें कां, हें सांगण्यासाठींच हा लेख.

तो पहिला चित्रपट म्हणजे १९८५ सालचा 'बॅक टू द फ्यूचर'. त्यांतील मार्टी नांवाचा मुलगा एका विलक्षण मोटारींत बसून १९५५ सालीं जाऊन पोंचतो. तेथें त्याच्या हातून असें कांहीं घडतें कीं, त्याच्या आईबापांचें प्रेम जुळावयाचें तेंच टळूं पाहतें. मग त्याच्याजवळील छायाचित्रांतून त्याचीं भावंडें एकेक करून नाहींशीं होऊं लागतात. याच भागांत आमची वीज गेली. काळोखांत आमचा मुलगा म्हणाला, "बाबा, तो जन्मलाच नाहीं, तर मागें जाऊन घोटाळा केला कोणीं?" इतका नेमका आक्षेप आम्हांस सुचला नसता. चित्रपट चालू राहिला असता, तर त्यासही सुचता ना. कारण कुशल कथाकार श्रोत्याच्या शंकेस फुरसतच देत नाहीं. ती फुरसत वीज गेल्यामुळें मिळाली.

त्या रात्रीं मेणबत्तीच्या उजेडांत आम्हीं पिता-पुत्रांनीं अशा कथांचे तीन वर्ग पाडले. पहिल्या वर्गांत भूतकाळ बदलतां येतो. मार्टीची कथा या वर्गांतली. दुसऱ्या वर्गांत जें घडलें तें घडलेंच. प्रवासी तें टाळावयास जातो आणि त्याच घटनेचा एक भाग होऊन बसतो. १९९५ सालचा 'ट्वेल्व्ह मंकीज' हा चित्रपट या प्रकारचा आहे. तिसऱ्या वर्गांत इतिहासास फांट्या फुटतात व प्रत्येक फांटा आपापल्या जगांत वाढत राहतो. या तिसऱ्या वर्गाचा सर्वांत सुंदर नमुना आम्हांस पडद्यावर नव्हे, तर मराठी भाषेंतच सांपडला. डॉ. जयंत नारळीकर यांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेंत इतिहासाचे एक प्राध्यापक अशा जगांत जाऊन पडतात कीं, जेथें १७६१ च्या रणांत विश्वासरावांस लागावयाची गोळी चाटून गेली आणि मराठ्यांचा जय झाला. नारळीकर २०२५ च्या मे महिन्यांत निवर्तले. त्यांचीं पुस्तकें विद्यार्थ्यांनीं अवश्य मिळवून वाचावींत.

शाळा उघडल्यावर हे तीन वर्ग आम्हीं फळ्यावर लिहिले व काळयंत्र मिळालें तर कोण कोठें जाईल, असें विचारलें. एक मुलगा म्हणाला, "नंदुरबारला, ९ सप्टेंबर १९४२ या दिवशीं." त्या दिवशीं शिरीषकुमार मेहता हा शाळकरी मुलगा तिरंगा हातीं घेऊन मिरवणुकींत चालला असतां पोलिसांच्या गोळीबारांत आपल्या चार सोबत्यांसह हुतात्मा झाला, हें आपल्या जिल्ह्यांतील प्रत्येक मूल जाणतें. "मी त्याचा हात धरून त्याला गल्लींत ओढीन," तो मुलगा म्हणाला. वर्ग स्तब्ध झाला. मग एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, तो येणार नाहीं." भूतकाळ बदलतां येईल कीं नाहीं याची चर्चा पुष्कळ चित्रपट करतात, परंतु ज्यांचा तो काळ होता त्यांची इच्छा काय होती, हें फार थोडे विचारतात. त्या मुलीनें तें विचारलें, याचें आम्हांस समाधान वाटलें.

मूळ प्रश्नाचें उत्तरही त्याच दिवशीं दिलें. भूतकाळांत कोणी गेल्याचा पुरावा नाहीं. भविष्यकाळाकडे मात्र थोडें अधिक वेगानें सरकतां येतें, आणि हें कल्पित नव्हे. वेगानें जाणाऱ्याचें घड्याळ सावकाश चालतें, असें आईन्स्टाईन यांनीं १९०५ सालीं दाखविलें. पुढें, जड वस्तूच्या जवळ, म्हणजे जेथें गुरुत्वाकर्षण अधिक तेथें, काळ मंदावतो, हेंही त्यांनींच सिद्धांतानें सांगितलें. १९७१ सालीं हॅफेल व कीटिंग या दोघां शास्त्रज्ञांनीं आण्विक घड्याळें विमानांत ठेवून पृथ्वीभोंवतीं फिरविलीं, तेव्हां त्यांत या सिद्धांतास अनुसरून फरक पडलेला आढळला. मोबाईलवर रस्ता दाखविणाऱ्या उपग्रहांतील घड्याळें दररोज सुमारें ३८ मायक्रोसेकंद पुढें जातात. ती चूक सुधारली नाहीं, तर एका दिवसांत रस्ता कित्येक किलोमीटर चुकेल. ज्या यंत्रावर मुलें हे चित्रपट पाहतात, त्याच यंत्रांत आईन्स्टाईन यांचें गणित रोज काम करीत असतें.

विद्यार्थ्यांस शिकविण्याजोगें तें येवढें. आम्हांस स्वतःस जें शिकावयाचें होतें, तें त्याआधीं सुटींतच एका रात्रीं घरीं शिकावयास मिळालें.

२०१४ सालचा 'इंटरस्टेलर' हा चित्रपट आम्ही पाहत होतों. किप थॉर्न या भौतिकशास्त्रज्ञांनीं त्यास साहाय्य केलें होतें. त्यांस पुढें २०१७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांतील कूपर नांवाचा बाप एका कृष्णविवराजवळील ग्रहावर उतरतो. तेथील एक तास म्हणजे पृथ्वीवरील सात वर्षें. तो यानांत परततो, तों मागें २३ वर्षें लोटलेलीं असतात. मुलांचे साठलेले निरोप तो पाहूं लागतो. मुलगा मोठा होतो, लग्न करतो, बाप होतो. मुलगी, बाप निघाला त्या वेळच्या त्याच्या वयाची होते. कूपर रडत होता आणि आमचेही डोळे भरले होते. त्याच वेळीं आंतून आईची हांक आली.

आईचें वय ऐंशीच्या घरांत. दोन वर्षांपासून तिची स्मृति मंदावली आहे. सायंकाळ झाली कीं ती विचारते, "तुझे बाबा शेतांतून आले का रे?" आमच्या वडिलांस जाऊन एकोणीस वर्षें झालीं. आम्ही प्रत्येक वेळीं तिची चूक दुरुस्त करीत असूं. त्या रात्रीं आम्ही म्हणालों, "आई, थोडें थांब." तिनें आणखी एकदां हांक मारली, मग ती गप्प झाली. त्या सुटींत अखंड पाहिलेला असा तो एकच चित्रपट.

संपल्यावर आंत गेलों. आई बसल्या जागीं डुलकी घेत होती. उशाशीं ताट झांकून ठेवलेलें होतें. आपल्या जेवणांतील अर्धी भाकर तिनें वडिलांसाठीं राखली होती. दुसऱ्या माणसाच्या वायां गेलेल्या वर्षांसाठीं डोळे पुसतांना आम्हीं आपल्या आईस गप्प बसविलें होतें.

दुसऱ्या सायंकाळीं तिनें तोच प्रश्न केला, तेव्हां आम्हीं तिला सुधारलें नाहीं. "बाबा कोणत्या वाटेनें येत असत, आई?" असें विचारलें. तिनें तासभर सांगितलें: कंदील कोणत्या वळणावर दिसे, बैलांच्या घुंगरांवरून तिला कसें ओळखूं येई, पावसाळ्यांत नाल्यास पूर असला कीं ती दारांत कशी बसून राही. यांतील पुष्कळसें आम्हीं कधीं ऐकलें नव्हतें. आमचीं मुलेंही येऊन बसलीं.

विद्यार्थ्यांस आमचें सांगणें इतकेंच कीं, हे चित्रपट पाहा, आणि पाहतांना मनांत आलेली शंका गिळूं नका. पालकांस विनंति अशी कीं, "काय हीं खुळें" म्हणून उठून जाऊं नका. मुलांजवळ बसा, आणि मधें कोणी हांक मारली तर रागावूं नका. या कथांतील प्रवासी मोठमोठीं यंत्रें रचून शेवटीं बहुधा आपल्याच घराच्या दाराशीं येऊं पाहतात. आपण तेथेंच बसलेले असतों.

आतां आई हांक मारते, तेव्हां आम्ही कळ दाबून चित्रपट थांबवितों व आंत जातों. परत आल्यावर तो जेथें सोडला तेथेंच असतो.