टांका घालण्यापूर्वी

दसऱ्याच्या सायंकाळीं कोल्हापुरांत दसरा चौकीं सोनें लुटलें जातें, आणि मग घरोघर आपट्याचीं पानें देऊन वडील माणसांस नमस्कार करण्याची धांदल उडते. गेल्या दसऱ्यास आमच्या घरीं मात्र त्या धांदलींत कोणाचें मन नव्हतें. आदल्या दिवशीं पंचगंगेकांठच्या शेतांत गवत कापतांना आमच्या पुतण्याची पोटरी विळ्यानें चिरली. तेथेंच कोणी चिखलाच्या हातानें पाला चोळून लाविला, घरीं आल्यावर हळद दाबली, आणि डॉक्टरांकडे न्यावयास दुसरा दिवस उजाडला.

डॉक्टरांनीं जखम बराच वेळ धुतली, मेलेलें मांस काढलें, धनुर्वाताचें इंजेक्शन दिलें, आंत ओली पट्टी भरली. पण टांका एकहि घातला नाहीं. मातोश्री संतापल्या. "पोराची पोटरी चार बोटें फांकली आहे, आणि तुम्ही सुई हातीं धरीत नाहीं, हा कसला उपाय?" डॉक्टर शांतपणें म्हणाले, "आजी, आज शिवली तर घाण आंत कोंडेल. पांच दिवस धीर धरा."

हें नव्या विद्येचें खूळ असेल असें कोणास वाटेल. पण तसें नाहीं. सुश्रुतसंहितेंत व्रण शिवण्याचा विधि सविस्तर दिला आहे. सूत्रांमध्यें अश्मंतकाच्या सालीचा धागा सांगितला आहे. हा अश्मंतक म्हणजेच आपला आपटा, असें आपल्याकडे मानितात. शिवाय ताग, जवसाचें सूत, स्नायु, केस, मोरवेल व गुळवेल आहेतच. जेथें मांस थोडें तेथें दोन अंगुळें लांब गोल सुई, मांसल जागीं तीन अंगुळांची तिधारी सुई, आणि पोटासारख्या नाजूक जागीं धनुष्याप्रमाणें वांकडी सुई घ्यावी. टांके फार दूर नकोत, फार जवळहि नकोत. आणि मुख्य गोष्ट ही, कीं ज्या व्रणांत विष, सांचलेलें रक्त किंवा शल्य आहे, तो आधीं शुद्ध करावा, मग शिवावा.

आजच्या शस्त्रक्रियागृहांतहि कातडीसाठीं तिधारी आणि आंतड्यासाठीं गोल सुई घेतात. बहुतेक सुयांस आतां नेढें नसतें. धागा सुईच्या बुडांतच बसविलेला असतो, म्हणून दुहेरी दोरा मांसांतून ओढावा लागत नाहीं. रेशीम व नायलॉन यांचे कातडीवरील टांके मागाहून काढावे लागतात; दुसऱ्या जातीचे धागे शरीरांतच विरतात. पूर्वी त्यासाठीं मेंढीच्या किंवा गुरांच्या आंतड्याचें कॅटगट वापरीत. नांवांत मांजर असलें तरी त्याचा येथें संबंध नाहीं. आतां बहुधा रसायनांपासून केलेले धागे वापरतात.

धागा कितीहि सुधारला, तरी मळलेल्या जखमेंत तो जंतूंस आसराच देतो. धनुर्वाताचे व मांस सडविणारे कांहीं जंतु हवा न लागतां बंद जागींच फोफावतात. 1914 ते 1918 च्या महायुद्धांत शेतांतील खतमातीनें भरलेल्या जखमा तत्काळ शिवल्यानें काय अनर्थ होतो, हें शस्त्रवैद्यांनीं पाहिलें. तेव्हांपासून अशी जखम साफ करून उघडी ठेवावी आणि ती निर्मळ दिसल्यावर शिवावी, हा दंडक झाला.

याचा अर्थ घरीं वाट पाहत बसावें असा मात्र नव्हे. स्वच्छ सुरीनें कापलें तर त्याच दिवशीं टांके घालणें उत्तम. जखम वाहत्या स्वच्छ पाण्याखालीं धुवावी, धुतलेल्या फडक्यानें घट्ट दाबून धरावी, आणि त्वरित डॉक्टरांकडे जावें. हळद, चुना, चहाची पूड यांपैकीं कांहीं भरूं नये. तें सारें शल्यच होय. टांके काढण्याचीहि घाई नको. चेहऱ्याचे साधारण पांच दिवसांनीं, डोक्याचे सात ते दहा, आणि पायाचे दहा ते चौदा दिवसांनीं काढतात.

आमच्या पुतण्यास कोजागिरीच्या दिवशीं टांके पडले, आणि वसुबारसेस ते निघाले. दसऱ्याचें राहिलेलें सोनें त्यानें त्या दिवशीं आजीच्या हातीं ठेविलें. पानें सुकलीं होतीं. मातोश्रींनीं तीं देवापुढें ठेविलीं आणि डॉक्टरांस फराळाचा डबा धाडिला.