भाराची वाट तुटते तेव्हा...

उंच इमारत पहिल्या आघातानेच कोसळते, असा सर्वसाधारण समज आहे. न्यूयॉर्कमधील वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या दुर्घटनेचा क्रम मात्र वेगळेच सांगतो. ११ सप्टेंबर २००१ रोजी सकाळी ८.४६ वाजता विमान आदळल्यानंतरही उत्तर मनोरा १०२ मिनिटे उभा होता. ९.०३ वाजता धडक बसलेला दक्षिण मनोरा ५६ मिनिटे तग धरून होता.

या मधल्या काळाचा उलगडा अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेच्या २००५ मधील अहवालाने केला. तुटलेल्या खांबांचा भार प्रथम शेजारच्या खांबांनी पेलला. परंतु धडकेने पोलादावरील अग्निरोधक लेप उडाला होता. विमानाचे इंधन काही मिनिटांतच जळून गेले. पुढे जळत राहिले ते कार्यालयांतील सामान. पोलाद वितळले नाही, दुबळे झाले. सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमानात त्याची ताकद जवळपास निम्मी होते. तापून खाली झुकलेल्या मजल्यांनी बाहेरचे खांब आत ओढले. ते वाकताच वरचे मजले खाली येऊ लागले आणि तो मारा थोपविणे खालच्या मजल्यांच्या आवाक्याबाहेर होते.

सातव्या क्रमांकाच्या ४७ मजली इमारतीवर तर विमान आदळलेच नव्हते. आगीने प्रसरण पावलेल्या तुळयांनी तेराव्या मजल्याची एक मुख्य तुळई आधारावरून सरकवली. त्याखालचे मजले ढासळले, आधार गेलेला खांब वाकला आणि सायंकाळी इमारत कोसळली, असा निष्कर्ष याच संस्थेने २००८ मध्ये काढला.

आघात छोटा असला तरी ही साखळी सुरू होऊ शकते, हे लंडनने १६ मे १९६८ रोजीच अनुभवले होते. २२ मजली 'रोनन पॉइंट'च्या अठराव्या मजल्यावर स्वयंपाकाच्या गॅसचा स्फोट होऊन भिंत निखळली. वरचे मजले पडले आणि त्यांच्या माऱ्याने खालचेही ढासळले. चार जण दगावले. त्यानंतर १९७० मध्ये ब्रिटनने बांधकाम नियम बदलले.

एक आधार गेल्यास भाराला दुसरी वाट हवी, हाच या घटनांचा धडा आहे. ती वाट इमारत वाचवेलच असे नाही. पण बाहेर पडण्यास वेळ देते. अर्थात, जिनेही शाबूत हवेत. उत्तर मनोऱ्यात तिन्ही जिने निकामी झाल्याने धडकेच्या वरच्या मजल्यांवरील एकही व्यक्ती वाचली नाही. त्यांच्यासाठी ती १०२ मिनिटे व्यर्थच ठरली.