मनावर घेतलं की झालं!

ज्यांनी आयुष्यात एकदाही सिगारेट ओठाला लावलेली नाही, अशा माणसांविषयी मला नितांत आदर आहे. त्यांची फुप्फुसे स्वच्छ असतात, शर्टांना भोके नसतात आणि खिशात काडेपेटी खुळखुळत नाही. त्यांनी शंभर वर्षे जगावे. फक्त सिगारेट सोडलेल्या माणसाला त्यांनी उपदेश करू नये, एवढीच माझी नम्र विनंती आहे. नम्र म्हटले ते आपले रीत म्हणून. खरे म्हणजे मी चिडलो आहे.

चिडायला कारण एक वाक्य. "अहो, त्यात काय एवढं? मनावर घेतलं की झालं!" मला सिगारेट सोडून चार वर्षे झाली. या चार वर्षांत हे वाक्य मी किमान चारशे वेळा ऐकले असेल. सासऱ्यांकडून ऐकले, दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून ऐकले, सोसायटीच्या वॉचमनकडूनही ऐकले. वॉचमनने तोंडात तंबाखूचा बार धरला होता, त्यामुळे त्याला मान वर करून बोलावे लागले. पण इच्छाशक्तीवरचा त्याचा विश्वास मात्र अढळ होता.

या मंडळींची मुळातली चूक व्याकरणाची आहे. मराठीत 'सोडणे' आणि 'सुटणे' अशी दोन वेगळी क्रियापदे आहेत, ती काही उगाच नाहीत. सोडतो तो मी. सुटते ती सिगारेट. आणि कधी सुटायचे, ते ती तिच्या सोयीने ठरवते. सोडायला एक क्षण पुरतो. उरलेले पाकीट गटारात टाकले, ॲशट्रे बोहारणीला दिला, घरात जाहीर केले, झाले! त्या दिवशी कौतुक होते, शिरा होतो. पण तिसऱ्या महिन्यात, जेवणानंतर उजव्या हाताची दोन बोटे आपोआप ओठांकडे जातात आणि रिकामीच परत येतात, तेव्हा शिरा कोणी करत नाही. खरे कौतुक त्या दिवशी हवे असते.

ही जी बोटे उठतात, तिला आपल्याकडे तलफ म्हणतात. शब्द मोठा नेमका आहे. भूक पोटात लागते, तहान घशाला लागते, तलफ कुठे लागते ते सांगता येत नाही. ती येते एवढे खरे. आता थोडा हिशेब करू. दिवसाला पंधरा सिगारेटी, एका सिगारेटीला दहा झुरके, म्हणजे रोजचे दीडशे. वर्षाचे चोपन्न हजार साडेसातशे. वीस वर्षांचे झाले जवळजवळ अकरा लाख. अकरा लाख वेळा मी रामनाम घेतले असते, तर गावात माझा सत्कार झाला असता आणि लोक म्हणाले असते, "नाम त्यांच्या श्वासात भिनलंय हो!" पण अकरा लाख झुरक्यांबाबत मात्र त्याच लोकांची अपेक्षा अशी की, ते सोमवारी सोडले म्हणजे मंगळवारी विसरले गेले पाहिजेत!

आणि प्रत्येक झुरका काही नुसता धूर नसतो. त्यातले निकोटीन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचते आणि तिथे 'बरं वाटलं' अशी नोंद करून येते. म्हणजे अकरा लाख नोंदी! सिगारेट थांबली की शरीर आधी आरडाओरडा करते. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत वाईट. चिडचिड होते, झोप उडते, भूक वाढते, आणि ज्यांचे सकाळचे पोट पहिल्या सिगारेटीवर अवलंबून असते, त्यांची तर फारच पंचाईत होते. दोन-चार आठवड्यांत हे सगळे बहुतेक निवते. निकोटीन तर त्याच्या कितीतरी आधी अंगातून निघून गेलेले असते. पण नोंदी राहतात. चहाचा कप दिसला की एक नोंद उघडते. पहिला पाऊस पडला, बस चुकली, साहेबांनी बोलावले, साहेबांनी सोडले, नाटकाचा मध्यंतर झाला, की दुसरी उघडते. टपरीवर टांगलेला पेटता सुंभ नुसता दिसला तरी तिसरी! हे महिनोन्महिने चालते. विरळ होत जाते, हे खरे. पण वर्षांनंतरही एखादी अचानक दार वाजवते.

बरे, ही गोष्ट मोठमोठ्यांनाही लवकर उमगली नाही. अमेरिकेच्या सर्जन जनरलचा जो गाजलेला अहवाल १९६४ साली निघाला, त्यात सिगारेटला 'सवय' म्हटले होते. 'व्यसन' हा शब्द खुद्द सर्जन जनरलच्या अहवालात ठणकावून यायला १९८८ साल उजाडले. त्या अहवालात निकोटीनची तुलना थेट हेरॉइन आणि कोकेनशी केली होती. एका शब्दाला चोवीस वर्षे! तरीही १९९४ साली तिकडच्या सात तंबाखू कंपन्यांचे प्रमुख संसदेच्या समितीपुढे शपथेवर सांगून गेले, की निकोटीनचे व्यसन लागते असे आम्हाला वाटत नाही. त्यांनी तसे म्हणणे मी समजू शकतो. त्यांचा तो धंदा होता. पण 'मनावर घेतलं की झालं' म्हणणारे माझे सासरे काही फायदा नसताना कंपनीचीच बाजू मांडतात, त्याला काय म्हणावे? कारण सिगारेट ही नुसती सवय आणि ती न सुटणे हा नुसता मनाचा दुबळेपणा, असे एकदा ठरले की कंपनी सुटली! दोष सगळा ओढणाऱ्याच्या चारित्र्याचा.

मनाचीच गोष्ट काढली आहे म्हणून सांगतो. सिग्मंड फ्रॉइडपेक्षा माणसाच्या मनाची अधिक उलथापालथ कोणी केली असेल असे वाटत नाही. डॉक्टर मित्राने त्याला १८९४ सालीच धूम्रपान सोडायला सांगितले होते. १९२३ साली त्याच्या जबड्याला कर्करोग झाला, पुढे तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, आणि सिगार चालूच राहिले. साऱ्या जगाची मने उलगडून दाखवणाऱ्या त्या थोर माणसाला कोणी सांगावे, "अहो फ्रॉइडसाहेब, मनावर घ्या ना!"

उपदेशकांचा दुसरा वर्ग पर्याय सुचवणाऱ्यांचा. "सुपारी खात जा, तोंड चालू राहतं." ही माणसे आगीतून काढून अलगद फुफाट्यात ठेवतात. सुपारी, तंबाखूशिवायची नुसती सुपारीसुद्धा, कर्करोग करते, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा २००४ सालचा निर्वाळा आहे. "मग चहा वाढवा," म्हणणाराही एक भेटतोच. त्याला हे ठाऊक नसते की, सिगारेटच्या धुरामुळे यकृत चहा-कॉफीतले कॅफीन भराभर निकालात काढत असते. धूर बंद झाला की तेच कॅफीन अंगात रेंगाळते. म्हणजे चहा पूर्वीइतकाच घेतला तरी छातीत धडधड जास्त, झोप कमी, आणि माणूस समजतो ही सिगारेट सोडल्याची शिक्षा!

तिसरा वर्ग सर्वांत प्रेमळ आणि सर्वांत घातकी. "एक ओढून काय होतंय यार?" हा बालमित्र असतो. २०२० साली महाराष्ट्र सरकारने सुटी सिगारेट विकायला बंदी केली, पण माझ्या बालमित्राकडे आणि आमच्या कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याकडे ती बातमी अद्याप पोचलेली नाही.

इथवर तुम्ही हसला असाल तर आनंद आहे. आता एक हसण्यासारखी नसलेली गोष्ट सांगतो. आमच्या ऑफिसात एक गृहस्थ होते. हृदयविकाराचा पहिला झटका आल्यावर त्यांनी सिगारेट सोडली. ऑफिसने टाळ्या वाजवल्या. सातव्या महिन्यात एकदा जेवणाच्या टेबलावर ते घरात सहज बोलून गेले, "आज फार आठवण झाली बुवा." थोरला मुलगा म्हणाला, "अजून? बाबा, तुमच्यात इच्छाशक्तीच नाही." मुलाचा हेतू वाईट नव्हता, तो घाबरलेला होता. पण त्या दिवसापासून गृहस्थांनी तलफ या विषयावर तोंड मिटले. घरी नाही, ऑफिसात नाही, डॉक्टरांपुढेही नाही. तोंड मिटलेला माणूस एकटा पडतो, आणि एकट्या माणसाला टपरी जवळची वाटते. स्टेशनामागे उभे राहून ते चोरून ओढत, हे आम्हाला फार उशिरा कळले. पुढचे सांगत नाही. असल्या लेखात ते बसत नाही.

म्हणून माझा राग त्या वाक्यावर आहे. ते नुसते चुकीचे असते तर मी हसून सोडून दिले असते. ते माणसाला गप्प बसवते, हा त्याचा गुन्हा.

मग इच्छाशक्ती काहीच नाही का? आहे की. मनावर घ्यावेच लागते. तिकीट काढल्याशिवाय कोण गाडीत घेतो? पण तिकीट काढले म्हणजे पंढरपूर आले असे होत नाही. मधला सगळा रस्ता छोट्या छोट्या युक्त्यांनी कापायचा असतो. तलफेचे एक बरे आहे. ती तालुक्याच्या स्टँडवरच्या एस.टी.सारखी असते. धुरळा उडवत येते, आत्ता चढला नाहीत तर जन्माचे नुकसान होईल अशा थाटात कंडक्टर ओरडतो, आणि पाचेक मिनिटांनी तुम्ही चढला नाहीत तरी ती निघून जाते. ती पाच मिनिटे काढायची, एवढाच प्रश्न. त्यात पेलाभर पाणी सावकाश प्यावे. जेवण झाल्याबरोबर पान-टपरीच्या उलट दिशेला शतपावली करावी. बडीशेप चघळावी. कोणाला तरी फोन करून "आली आहे" एवढेच सांगावे.

औषधाचीही लाज नको. निकोटीनचा च्युइंगगम आहे ना, त्याचा उगम ऐकण्यासारखा आहे. पाणबुडीत सिगारेट ओढता येत नाही, तेव्हा खलाशी तोंडात तंबाखू धरून वेळ भागवतात, या निरीक्षणावरून स्वीडनच्या ओव्हे फेर्नो यांना तो सुचला. आता तुम्हीच सांगा, समुद्राच्या पोटात राहणारे नौदलाचे खलाशी! त्यांच्याजवळ काय इच्छाशक्तीची वाण होती? त्यांनाही तोंडात काहीतरी लागलेच. मग आपण तर कारकून माणसे. डॉक्टरांना विचारून तो गम घ्यावा. फक्त पानासारखा कचाकचा चावू नये. थोडा चावायचा आणि गालाशी ठेवून द्यायचा.

सरकारनेही २०१६ साली मोफत फोनसेवा सुरू केली. २०१८ पासून तिचा नंबर सिगारेटच्या पाकिटावर छापतात. सोय उत्तमच, पण ज्याने सिगारेट सोडली आणि ज्याला तलफ आली आहे, त्याच्याजवळ नेमके पाकीटच नसते! नंबर बघायला पाकीट घ्यायचे म्हणजे पुन्हा आलीच पंचाईत. म्हणून इथेच देतो : १८००-११-२३५६. कापून भिंतीवर लावावा.

आणि ज्यांनी कधीच ओढली नाही, त्या आदरणीय मंडळींना एवढेच सांगणे आहे. तुमच्या घरात कोणी सिगारेट सोडली असेल, तर "अजून?" असे विचारू नका. शर्ट हुंगू नका. "आज आली होती का?" असे विचारा. "आत्ताच आली आहे," असे उत्तर मिळाले, तर चपला घाला आणि त्याच्याबरोबर गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन या. वाटेत महागाईवर बोला, पावसावर बोला, वाटल्यास शेजाऱ्यांवर बोला. फक्त इच्छाशक्तीवर बोलू नका. पाचच मिनिटांचा तर प्रश्न आहे. तेवढे तुम्हाला नक्की जमेल.

मनावर घेतलं की झालं!